एकाच खुर्चीत काढलेले कानांचे साचे

खरं सांगा, हेडफोन घेण्याआधी तुम्ही जेवढी चौकशी केलीत, तेवढी मत देण्याआधी केली होती का?

माझ्या दादाने केली नव्हती. मतदानाच्या रांगेत उभं राहून तो मला विचारत होता, "आपल्या इथून उभं कोण आहे गं?" हेडफोनचं मात्र वेगळं. त्यासाठी त्याने परदेशातल्या अनोळखी माणसांची परीक्षणं वाचली, आलेख वाचले, त्या आलेखांवर भांडणाऱ्यांची भांडणं वाचली. दहावीला भूमितीच्या पेपरात ज्याला साधा कोन मोजता आला नव्हता, तो आता वक्ररेषेकडे बघून म्हणायचा, "इथे जरा चढ जास्त आहे. कानाला टोचेल."

आमच्या घरात असल्या शौकाची परंपरा नाही. आमची परंपरा पत्रकांची. आई अंधेरीच्या एका बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि युनियनमध्येही होती. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. आम्ही त्यांच्यावर बसून जेवलो, त्यांच्या कोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवली. म्हणून मला आजही कुठलीही गोष्ट सांगताना शेवटी मागणी केल्याशिवाय राहवत नाही. दादाही त्याच गठ्ठ्यांवर बसून जेवला, पण त्याला त्यातलं काही लागलं नाही.

तो अंधेरीलाच एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो. तिथेच त्याला ही मंडळी भेटली. रविवारी एका कॉफीच्या दुकानात त्यांचा मेळावा भरतो. एकदा तो मलाही घेऊन गेला. मोठ्या टेबलाभोवती वयाने चांगली मोठी माणसं बसली होती. प्रत्येकासमोर चेन लावलेली पेटी, आत मखमल, मखमलीत हेडफोन. लग्नाच्या बोलणीत दागिने मांडतात तसं सगळं मांडलेलं.

"थोडा डार्क आहे, पण मधला भाग गोड आहे."

"केबल बदल यार. तांब्याची काढ, चांदीची घाल. आवाज एकदम उघडतो."

"उघडतो म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पडदा बाजूला होतो."

एकाने प्रेमाने माझ्या डोक्यावर त्याचे हेडफोन ठेवले आणि एक इंग्रजी गाणं लावलं. तेच गाणं तिथे सगळे आळीपाळीने ऐकत होते. गाणारी कोण, ती काय म्हणतेय, यात कुणालाच रस नव्हता. मागे कुठेतरी झांज वाजते, ती उजवीकडे किती लांब वाजते, यावर चर्चा चालू होती.

"काय ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"बाई गातेय."

"आणि?"

"तिला सर्दी झालीय."

तो बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "बघा, हिला नाकातला सूर कळला! पहिल्याच वेळी!" टेबलाने माझ्याकडे आदराने पाहिलं. दादा तर अभिमानाने फुलून गेला. मला जन्मात कुठल्या कामाची इतक्या झटकन दाद मिळालेली नाही.

शेवटी दादाने हेडफोन घेतले. किंमत इथे लिहीत नाही, कारण आई हे वाचणार आहे. नवे हेडफोन लगेच ऐकायचे नसतात, आधी मुरवायचे असतात, असं त्या मेळाव्याचं शास्त्र. लोणच्यासारखं. म्हणून ते मसाल्याच्या डब्याशेजारी फळीवर ठेवून त्यांतून सतत एक फुस्स आवाज वाजवत ठेवायचा. मी कामावरून आले, तो फुस्स ऐकला आणि धावत जाऊन सिलेंडर बंद केला, खिडकी उघडली, शेजारणीला हाक मारली. दादा म्हणाला, "काय बावळट आहेस गं."

मुरलेले हेडफोन डोक्यावर चढवल्यावर नवीच अडचण निघाली. ते मागून उघडे होते. जाळीचे. "हवा खेळली पाहिजे," त्याने मला समजावलं, "मग आवाज मोकळा होतो." आम्ही कांजूरमार्गला राहतो. कचऱ्याच्या डम्पिंगवरून वारा सुटला की आमच्या चाळीत कोणी खिडकी उघडत नाही. हवा खेळावी असं वाटणारा आमच्या मजल्यावर तो एकटाच. शिवाय आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. उघड्या जाळीतून गिरणी सरळ आत शिरायची. डोळे मिटून व्हायोलिन ऐकताना त्याच्या कपाळाला आठी पडायची. काही दिवसांनी त्याला गाण्यातलं फारसं नाही, पण गिरणीत ज्वारी चाललीय की बाजरी, हे अचूक सांगता यायला लागलं.

मग मेळाव्याने तोडगा काढला. कानाच्या मापाचे इअरफोन. कानात मऊ लगदा भरून आतला साचा काढायचा आणि त्या साच्यावरून फक्त तुझ्याच कानात बसतील असे इअरफोन बनवायचे. बाहेरचं काही आत येत नाही. "जग बंद," दादा म्हणाला. हे तो आनंदाने म्हणाला. हा साचा काढतात कुठे? तर घाटकोपरला, कानाच्या मशीनच्या सेंटरमध्ये. जिथे बहिरी माणसं जातात तिथे.

आणि आमच्या घरात बहिरं माणूस होतं.

काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींना आपटत जातात, तो आवाज आईने सगळी नोकरीभर ऐकला. आवाज अडवायला कानात घालायची बुचं द्या अशी मागणी युनियनच्या पत्रकात होती. मालकाने कापूस दिला. कारखाना बंद झाला, तिथे आता काचेची इमारत आहे, आणि आईचे कान हळूहळू गेले. घरात तिचं भागत होतं. पण आई आमच्या चाळीच्या कमिटीवर आहे. चाळ पाडून तिथे टॉवर होणार म्हणून बिल्डरच्या सभा सुरू झाल्या होत्या आणि अख्ख्या कमिटीत प्रश्न विचारणारी ती एकटीच. बाकीचे बिल्डरने दिलेला वडा खाऊन माना हलवायचे.

तर अशाच एका सभेत आईने उठून विचारलं, "बांधकाम होईस्तोवर आम्हाला ठेवणार कुठे?"

सगळी सभा हसली. मी तेव्हा नुकतीच येऊन मागे उभी राहिले होते. पहिल्या रांगेतला आमचा शेजारी मागे वळून ओरडला, "काकू, आत्ताच सांगितलं ना त्यांनी! कान कुठे ठेवून आलात?" आणि बिल्डरचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गोड हसून माईकमध्ये म्हणाला, "आजी, ऐकू येत नसेल तर घरी बसा, उगाच त्रास नको." पुन्हा हशा.

आई खाली बसली. मी आईला भाषण अर्धवट सोडून खाली बसताना कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन तिने सांगितलं, कमिटी सोडते, पुढच्या सभेला येत नाही. आणि पुढच्याच सभेत हात वर करून संमती घ्यायची होती. ती नसती तर प्रश्न विचारायला कोण उरत होतं? मी दादाला विचारलं, "तू पुढे होतास ना? खरंच सांगितलं होतं का त्याने, कुठे ठेवणार ते?"

"सांगितलं असेल ना."

"तू ऐकलंस?"

"अगं, सगळे हसले म्हणजे सांगितलंच असणार."

हा माणूस झांज उजवीकडे किती लांब वाजली ते सांगतो.

मी आईला म्हटलं, मशीन घे. ती म्हणाली, "मशीन लावून फिरायला मी काय म्हातारी आहे?" तिची लाज कशानेच जात नव्हती. शेवटी, दादाला साचा काढायला जायचंय, सोबत चल, एवढ्यावर ती तयार झाली.

सेंटरमध्ये बाकावर दोन जातींची माणसं बसली होती. ज्यांना ऐकू येत नाही ती, आणि ज्यांना ऐकू येतं तेवढं पुरत नाही ती. पहिल्या जातीची माणसं खाली बघत होती. दुसऱ्या जातीची एकमेकांना आपापल्या पेट्या दाखवत होती.

साचा काढणाऱ्या बाईंनी दादाला खुर्चीत बसवलं, दातांमध्ये स्पंजचा ठोकळा धरायला दिला. "हा धरून तोंड उघडं ठेवायचं. लगदा घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, ठोकळा काढायचा नाही." मग पिचकारीने दोन्ही कानांत गुलाबी लगदा भरला. दादा डोळे मिटून बसला. साधना चालली होती. आईचं श्राद्ध घातलं तरी इतका स्थिर बसणार नाही. लगदा निघाला तो चघळून टाकलेल्या चिंगमसारखा दिसत होता. दादाने त्याचा फोटो काढून मेळाव्याच्या ग्रुपवर टाकला. लगेच उत्तर आलं: "झकास कान आहे यार तुझा."

आई हे सगळं बघत होती. तिने मला कोपराने ढोसलं. घरच्यांवर चिडली की ती मालवणीवर येते. "ह्याका ऐकाक येता ना नीट?"

"येतं ना."

"तरी हो मेलो कानात लगदो भरून घेता? आणि लाजत नाय?" तिने पदर खोचला. "मग मी कित्याक लाजू?"

दादाच्या शौकाने या जगाचं केलेलं हे एकमेव भलं. नोंदवून ठेवते.

आईची तपासणी झाली. बाईंनी विचारलं, "कुठे ऐकायला जास्त अडतं, मावशी?" आई म्हणाली, "बिल्डरच्या सभेत." कानामागे बसणारं मशीन ठरलं आणि कानात बसवायच्या भागासाठी त्याच खुर्चीत आईचे साचे घ्यायचे ठरले. तोच ठोकळा, तोच लगदा. लगदा भरून बाई आतल्या खोलीत दुसऱ्या कुणाकडे गेल्या. दादा ग्रुपवर शाबासक्या वाचत बसला होता.

बाकावर एक गृहस्थ मशीनची बॅटरी घ्यायला आले होते. पांढरे बूट, हातात पेपर. पेपरात टॉवरची जाहिरात असावी. ते मला म्हणाले, "चाळीतल्या लोकांची मजा आहे. फुकटात टॉवर मिळतो. तरी ह्यांच्या सभा, ह्यांच्या मागण्या! ह्या युनियनवाल्यांनीच मुंबईची वाट लावली."

मी सुरू झाले. ते मला आवरत नाही.

आईच्या दोन्ही कानांत लगदा होता. तिला शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. पण बाटल्यांच्या खणखणाटात त्या कारखान्यातल्या बायका ओठ वाचूनच एकमेकींशी बोलायच्या. तिने त्या गृहस्थांचे ओठ वाचले. तोंडातला ठोकळा काढला आणि खुर्चीतूनच बोलायला लागली. कान बंद असल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय हे तिला कळत नव्हतं. "फुकट? आमची जागा घेतायत, वर ते फुकट? तुमच्या बुटाची लेस कोणी विणली, कामगारांनीच ना?" वगैरे. बुटांना लेस नव्हती, पण मुद्दा पोचला. आवाज ऐकून बाई धावत आल्या. आईने पटकन तोंड घट्ट मिटलं आणि ठोकळा मुठीत लपवला. मी आणि ते गृहस्थ अजून भांडत होतो, म्हणून बाईंना वाटलं आरडाओरडा आमचाच. आमच्यावर डाफरून त्या परत आत गेल्या. लगदा घट्ट होईपर्यंत आई ओठ आवळून, त्या गृहस्थांकडे रोखून बघत बसली.

दोघांचे डबे, दादाच्या इअरफोनचा आणि आईच्या मशीनचा, एकदमच आले. दादाचे इअरफोन कानात असे बसले की जग खरोखरच बंद झालं. त्याला गिरणी ऐकू येईना. मी ऐकू येईना. शेगडीवर उतू जाणारं दूधही दिसेना, पण त्याला इअरफोनचा दोष म्हणता येणार नाही.

आईने मशीन लावलं. ऐकत बसली. बाहेर नळावर बायका बोलत होत्या, ते ऐकून हसली. मग मला काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं आणि कानात शीळ वाजली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते ना, तशी बारीक, लांब. आई गप्प झाली. शीळ थांबली. पुन्हा बोलली, पुन्हा शीळ.

मी सेंटरला फोन केला. बाईंनी बरोबर ओळखलं. "साचा घट्ट होताना त्यांचं तोंड मिटलेलं होतं. बोलायला तोंड उघडलं की कानाची वाट रुंदावते, फट पडते, मशीनचा आवाज बाहेर येऊन परत मशीनमध्येच शिरतो. नवा साचा काढायला लागेल. पण सभेच्या आधी नाही होणार."

म्हणजे गप्प बसली तर ऐकू येईल, तोंड उघडलं तर शीळ वाजेल. बिल्डरने स्वतः बनवून घेतलं असतं तरी त्याला याहून सोयीचं मशीन जमलं नसतं.

मला वाटलं, ती आता नाहीच यायची. ती म्हणाली, "ऐकायला तरी येते मी. बोलेन तेव्हा वाजू दे मेलं."

सभा आमच्या पटांगणात होती. बिल्डरच्या माणसाने विसर्जनाच्या मिरवणुकीत लावतात तसले दोन उंच स्पीकर लावले होते. तो बोलायला लागला की खुर्च्या थरथरायच्या. गडगडाट भरपूर, शब्द शून्य. मी दादाला म्हटलं, "काय, पडदा बाजूला झाला का?"

"गप गं."

मशीन लावूनही आईला नुसता गडगडाटच ऐकू येत होता. तिने मला विचारलं, "तुला कळतंय?" मी नीट ऐकायचा प्रयत्न केला. मलाही कळत नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे माना हलवत होते.

गडगडाट थांबला. "सगळ्यांना मान्य?" एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. काही हात वर जायला लागले. आई उठली. कुणीतरी हसत तिच्या तोंडासमोर माईक धरला. तिने तोंड उघडलं, शीळ वाजली, माईकने ती उचलली आणि दोन्ही स्पीकरमधून अख्ख्या पटांगणावर सोडली. लोकांनी कान झाकले. लहान मुलं रडायला लागली. स्पीकरवाल्याने धावत जाऊन सगळं बंद केलं.

"आजी, जरा माईकपासून लांब व्हा," बिल्डरचा माणूस म्हणाला.

"माईक लांब न्या. मी हलत नाही."

माईक बंदच राहिला. आईने आपल्या आवाजात विचारलं, "बांधकाम होईस्तोवर आम्हाला ठेवणार कुठे?"

शीळ वाजत होती, पण आता ती फक्त आम्हा शेजारच्यांना ऐकू येत होती.

"आजी, ते मागच्या सभेत सांगितलंय," तो नुसत्या आवाजात म्हणाला.

मागून ओरडा झाला, "ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!"

आई मागे वळली. "त्यांनी सांगितलंय म्हणे मागच्या वेळी. तुम्ही सगळे हसला होता. तर सांगा मला, काय सांगितलं? मी बहिरी आहे."

एक बाई म्हणाली, भांडुपला ठेवणार आहेत. दुसरा म्हणाला, कुठे नाही, भाडं देणार आहेत. तिसरा म्हणाला, इथेच मागे पत्र्याच्या खोल्या बांधणार. आई आमच्या त्या शेजाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "तू सांग रे. कान तुझे होते ना जाग्यावर?"

तो खुर्चीत आक्रसला. "मला वाटलं, सगळ्यांना माहितीये, काकू."

"आणि हसलास?"

"सगळे हसले म्हणून."

आता लोकांनी बिल्डरच्या माणसाला घेरलं. स्पीकर नाही, त्यामुळे प्रत्येक शब्द माणसाच्या तोंडाकडे बघून ऐकायला लागत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. आईने ओठ वाचले. शीळ वाजवत तिने ते मोठ्याने सांगितलं, "माहुल."

रिफायनरीच्या शेजारचं माहुल. आमच्या चाळीत दम्याची माणसं घरोघरी आहेत.

"किती वर्षं?" कुणीतरी विचारलं. त्याने इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली. वर गेलेले हात खाली आले होते. दुसरी जागा लेखी दिल्याशिवाय पुढची सभा नाही, असं कमिटीने तिथल्या तिथे ठरवलं आणि आईने सोडायची म्हटलेली कमिटी सोडली नाही.

घरी येताना दादा विचारपूर्वक म्हणाला, "त्या स्पीकरचा खालचा आवाज फार फुगलेला होता. मधलं काही येतच नव्हतं. मागच्या सभेतही तेच."

आई थांबली. "तुका कळलेलां?"

"हो मग. लगेच."

"मग बोललस कित्याक नाय, मेल्या?"

दादाने खिशातून पेटी काढली, आत इअरफोन आहेत की नाही बघितलं, पेटी बंद केली. आमच्या मजल्यावरच्या बायकांनी आईला जिन्यातच गाठलं, म्हणून तो सुटला.

नव्या साच्यासाठी आम्ही पुन्हा घाटकोपरला गेलो. या वेळी बाई आईच्या समोर खुर्ची टाकून बसल्या आणि मला बाहेर उभं केलं. मशीन आता शीळ घालत नाही. पुढच्या सभेची नोटीस लागली आहे. त्यात दुसऱ्या जागेचा उल्लेख आहे, पण फार बारीक अक्षरात. आई ती नोटीस पुन्हा मोठ्या अक्षरात छापून मागणार आहे.

तुमच्याही सोसायटीची, चाळीची, शाळेची सभा कधीतरी असेलच. माझी एक मागणी आहे. त्या सभेत हात वर करायच्या आधी उठा, स्पीकर बंद करायला लावा, आणि सगळ्यात मागे बसलेल्या बाईकडे जाऊन तिला विचारा, "तुम्ही काय ऐकलंत?" ती सांगेपर्यंत हात खालीच ठेवा.